पलटणीतले सुभेदार साहेब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा, सांगली, कोल्हापूर, नगर किंवा रत्नागिरीकडच्या कितीतरी गावांत एखाद्या घराच्या पाटीवर नावाआधी 'सुभेदार' किंवा 'ऑनररी कॅप्टन' लिहिलेलं असतं. साताऱ्याजवळचं अपशिंगे मिलिटरी किंवा शिरोळ तालुक्यातलं सैनिक टाकळी यांसारख्या गावांत तर अशा पाट्या गल्लीगल्लीत दिसतात. तरीही हा माणूस पलटणीत अठ्ठावीस-तीस वर्षं नेमकं काय करत होता, हे शेजाऱ्यांनाच काय, पुष्कळदा घरच्यांनाही धड सांगता येत नाही. भरतीची तयारी करणारी मुलं, त्यांचे आईवडील आणि नुकत्याच लग्न होऊन आलेल्या सुना जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत. उत्तरं मुख्यतः भूदलाची आहेत. नौदल आणि हवाई दलाबद्दल पुढे थोडक्यात सांगितलं आहे.

सुभेदार म्हणजे ऑफिसर की जवान?

दोन्हींच्या मधला, आणि ही मधली जागाच त्याची खरी ताकद आहे. भारतीय लष्करात तीन थर आहेत. शिपाई ते हवालदार हा एक थर. लेफ्टनंट ते जनरल हा दुसरा. या दोहोंच्या मध्ये ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर, म्हणजे जेसीओ. जेसीओ बहुधा शिपाई म्हणून भरती झालेला असतो, बराकीत झोपलेला असतो, लंगरच्या रांगेत थाळी घेऊन उभा राहिलेला असतो आणि मग बढती मिळत मिळत कमिशनपर्यंत, म्हणजे अधिकारपत्राच्या हुद्द्यापर्यंत, पोहोचतो. त्याची मेस वेगळी असते. जवान त्याला 'साहेब' म्हणतात आणि ऑफिसरही त्याला 'साहेब' म्हणूनच हाक मारतात. कर्नलसुद्धा आपल्या सुभेदार मेजरला नुसत्या नावाने बोलावत नाही.

हुद्दे नेमके कसे चढत जातात?

शिपाई, लान्स नायक, नायक, हवालदार, नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर. रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये, म्हणजे जुन्या घोडदळाच्या परंपरेत, हवालदाराला दफादार आणि सुभेदाराला रिसालदार म्हणतात. नायब सुभेदाराला 1965 पर्यंत जमादार म्हणत. त्यामुळे आजोबांच्या कागदांवर 'जमादार' दिसलं तर तो हलका हुद्दा समजू नका.

सुभेदार मेजर पलटणीत एकच असतो.

खांद्यावर दोन स्टार म्हणजे लेफ्टनंट ना?

स्टारच्या जोडीला पट्टी आहे का ते बघा. नायब सुभेदाराला एक स्टार, सुभेदाराला दोन, आणि दोघांच्याही खांद्यावर आडवी लाल-पिवळी पट्टी. सुभेदार मेजरच्या खांद्यावर अशोकस्तंभ आणि पट्टी. नुसता अशोकस्तंभ असेल तर तो मेजर, नुसते दोन स्टार असतील तर लेफ्टनंट. लग्नाच्या पत्रिकेत 'सुभेदार मेजर'मधला 'सुभेदार' गाळून नुसतं 'मेजर' छापायची हौस काही घरांत दिसते. तसं करू नये. तो वेगळा हुद्दा आहे आणि सुभेदार मेजर हा स्वतःच्या बळावर पुरेसा मोठा हुद्दा आहे.

ही मधली फळी आली कुठून?

कंपनी सरकारच्या काळातून. गोऱ्या ऑफिसरला शिपायांची भाषा, सणवार, जातपात, गावाकडची भांडणं यातलं काही कळत नसे. पलटणीतला सर्वांत वरचा हिंदी, म्हणजे भारतीय, माणूस म्हणजे सुभेदार. त्याच्याशिवाय हुकूम खाली पोहोचत नसे आणि तक्रार वर जात नसे. ही जागा किती अवघड होती याचं एक उदाहरण 1857 चं आहे. बराकपूरला मंगल पांडेंना आवरायचा हुकूम जमादार ईश्वरी प्रसाद यांनी पाळला नाही, म्हणून त्यांनाही फाशी दिलं गेलं. एकीकडे सरकार, दुसरीकडे आपली माणसं, आणि मध्ये जमादार.

मराठी वाचकाला याच फळीतला एक माणूस फार जवळचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिकवत. बाबासाहेबांचा जन्म 1891 मध्ये महूच्या छावणीत झाला तो त्यामुळेच. घरात वाचन, पाठांतर आणि शिस्तीचा धाक होता. त्यामागे एक शिकलेला, शिकवणारा सुभेदार होता. पुढे महारांची भरती इंग्रजांनी बंद केली आणि एका समाजाची या शिडीवर चढायची वाटच तुटली. महार रेजिमेंट उभी राहिली ती थेट 1941 मध्ये, बेळगावात.

विसाव्या शतकात या हुद्द्यांना व्हाइसरॉयचं कमिशन म्हणू लागले. हिंदी तरुण पूर्ण कमिशन घेऊन ऑफिसर होऊ लागले, तेव्हा ज्या पलटणींचं हिंदीकरण चाललं होतं तिथे या जुन्या जागा काढून तरुण हिंदी ऑफिसरांनाच प्लाटून, म्हणजे तीसेक जवानांची तुकडी, द्यायचा प्रयोग झाला. तो टिकला नाही. स्वातंत्र्यानंतर व्हाइसरॉय गेला, जेसीओ राहिला. पाकिस्ताननेही हे हुद्दे तसेच ठेवले. बांगलादेशाने नावं बदलून वॉरंट ऑफिसर केली.

सुभेदार मेजर दिवसभर करतो तरी काय?

पायदळाच्या पलटणीत साधारण आठशे माणसं असतात. कमांडिंग ऑफिसर, म्हणजे सीओ, दोन-अडीच वर्षांसाठी येतो. बाकी ऑफिसरही कोर्स, स्टाफची नेमणूक, दुसरी पोस्टिंग यांमुळे येत-जात राहतात. सुभेदार मेजर मात्र बहुधा त्याच पलटणीत शिपाई म्हणून आलेला असतो. आजच्या हवालदाराला तो रंगरूट होता तेव्हापासून ओळखत असतो. कोण चिडका आहे, कोण दारूकडे झुकतोय, कोणाच्या भावकीत बांधावरून कोर्टकचेरी चालू आहे, कोणाची बायको बाळंतपणाला माहेरी गेली आहे, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं. सीओचा तो सल्लागार. पण तो तोफखान्याबद्दल किंवा नकाशाबद्दल सल्ला देत बसत नाही. त्याचा सल्ला माणसांबद्दल असतो.

संध्याकाळच्या रोल कॉलचं उदाहरण घ्या. कंपनी, म्हणजे काही प्लाटून मिळून झालेला पलटणीचा भाग, फॉल-इन होते, नफरी मोजली जाते, उद्याची ड्युटी वाचली जाते. बाहेरून पाहणाऱ्याला ही नुसती हजेरी वाटेल. अनुभवी जेसीओ मात्र त्या वेळी चेहरे वाचत असतो. नेहमी मोठ्याने हजेरी देणारा पोरगा आज तोंडातल्या तोंडात बोलला, हे त्याच्या लक्षात येतं. रोल कॉल सुटला की तो त्या पोराला कोपऱ्यात घेतो, "काय रे, घरून फोन आला होता का?" एवढंच विचारतो. वडिलांना ॲडमिट केलंय, रजा मागायची तर कंपनी निघायच्या बेतात आहे, म्हणून पोरगा गप्प असतो. त्याच रात्री बात सुभेदार मेजरपर्यंत जाते आणि सकाळी सीओपर्यंत. हातात भरलेली बंदूक असलेल्या बावीस वर्षांच्या पोराच्या मनात काय चाललंय हे वेळेवर कळणं, याहून महत्त्वाची कामं पलटणीत फार थोडी असतात.

याशिवाय दरबार. सीओ साधारण महिन्याला सैनिक संमेलन घेतात, तिथे जवान उठून 'पॉइंट' मांडू शकतो. रेशन, क्वार्टर, कॅन्टीन, रजा, काहीही. चांगला सुभेदार मेजर आधीच कंपन्यांत फिरून पॉइंट ऐकतो, निम्मे तिथेच सोडवतो आणि उरलेले सीओच्या कानावर घालून ठेवतो. वाईट सुभेदार मेजर पॉइंट दाबतो. दरबारात सगळं शांत शांत असेल तर शहाणा सीओ खूश होत नाही, तो काळजीत पडतो.

रजेचा हिशोबही इथेच येतो. जवानाला वर्षाला 60 दिवसांची वार्षिक आणि 30 दिवसांची किरकोळ रजा असते. पण सगळ्यांना गणपतीतच जायचं असेल तर मोर्चा कोण सांभाळणार? मराठा लाइट इन्फंट्रीत हा प्रश्न दरवर्षी उभा राहतो. त्याचं न्याय्य उत्तर काढणं हे जेसीओच्या कसबाचं काम आहे. आणि मागे राहिलेल्यांसाठी पलटणीतला गणपती थाटात बसवणं हेही.

अमेरिकेतल्या सार्जंट मेजरसारखाच का?

साम्य आहे, पण एक मोठा फरक आहे. अमेरिकी लष्करात सार्जंट मेजर हा कमांडरचा सल्लागार असतो. 1966 मध्ये त्यांनी 'सार्जंट मेजर ऑफ द आर्मी' हे पद निर्माण केलं, पहिले विल्यम वुल्ड्रिज. पण तो हुद्दा हवालदारांच्याच थरातला. तिथे प्लाटूनचा प्रमुख तरुण लेफ्टनंट असतो आणि अनुभवी सार्जंट त्याच्या हाताखाली. आपल्याकडे पायदळातल्या बहुतेक प्लाटून प्रत्यक्षात सुभेदार किंवा नायब सुभेदारच चालवतो. म्हणजे आपला जेसीओ सल्लाही देतो आणि तीसेक माणसांची कमानही सांभाळतो.

नवा लेफ्टनंट तेवीस वर्षांचा आणि सुभेदार पंचेचाळीसचा. मग चालतं कोणाचं?

हुकूम लेफ्टनंटचा. त्यात शंका नाही. सुभेदार त्याला सॅल्यूट करतो आणि मनापासून करतो.

पण देहरादूनच्या किंवा चेन्नईच्या अकादमीतून नुकता आलेला ऑफिसर पहिले काही महिने शिकाऊच असतो, आणि त्याचे बरेचसे गुरू जेसीओ असतात. मराठा पलटणीत पंजाबचा, केरळचा, मणिपूरचा ऑफिसर येतो आणि त्याला मराठी शिकावी लागते. जवानांची भाषा आली नाही तर त्यांचं मन कळणार नाही. शिवी कुठली लाडाने दिलेली आणि कुठली रागाने, हेही त्याला सुभेदारच सांगतो. चूक दाखवण्याची एक रीत आहे: जवानांसमोर कधीही नाही. गस्तीवर जायच्या आधी बाजूला नेऊन, "सर, त्या नाल्यातनं गेलो तर वरनं दिसतो आपण, धारेच्या मागनं गेलं तर?" असं प्रश्नाच्या रूपात. शहाणा लेफ्टनंट तिथेच मार्ग बदलतो आणि जवानांसमोर तो हुकूम त्याचाच राहतो. या दोघांचं जमलं तर प्लाटूनसारखी दुसरी तुकडी नाही. नाही जमलं तर त्याचा ताप तीस जवानांना होतो.

कंपनी हवालदार मेजर आणि क्वार्टरमास्टर हवालदार ही ऑफिसातली कामं आहेत का?

हा गैरसमज मला सर्वांत जास्त खटकतो. कंपनी हवालदार मेजर (सीएचएम) म्हणजे कंपनीची शिस्त, ड्युटी, हजेरी, पेशी. क्वार्टरमास्टर हवालदार (सीक्यूएमएच) म्हणजे रेशन, कपडे, दारूगोळा, सामान. शांततेच्या काळात हातात रजिस्टर जास्त दिसतं हे खरं. पण परमवीर चक्राची यादी पाहा.

पिरू सिंग सीएचएम होते. 1948 च्या जुलैत तिथवालच्या आघाडीवर, 6 राजपुताना रायफल्सच्या पुढच्या तुकडीतले सोबती एकामागून एक पडत असताना ते एकटे शत्रूच्या मोर्च्यांवर चालून गेले. अब्दुल हमीद सीक्यूएमएच होते. ज्याच्याकडे कंपनीचं सामान, त्या माणसाने सप्टेंबर 1965 मध्ये खेमकरणला जीपवरच्या रिकॉइललेस तोफेने पाकिस्तानचे पॅटन रणगाडे उडवले. रजिस्टर सांभाळणारा माणूस आधी लढवय्या असतो, रजिस्टर त्याला नंतर मिळतं.

युद्धात सुभेदाराने निर्णायक काम केल्याची उदाहरणं?

पुष्कळ. दोन सांगतो.

ऑक्टोबर 1962, तवांगच्या वरच्या अंगाला बुमलाचा परिसर. पहिल्या शीख पलटणीतले सुभेदार जोगिंदर सिंग आपली छोटी प्लाटून घेऊन खिंडीच्या तोंडाशी होते. चिनी लाटांमागून लाटा आल्या. दोन हल्ले परतवले, निम्मी माणसं गेली, मांडीत गोळी लागली तरी ते मागे हटले नाहीत. दारूगोळा संपल्यावर उरलेल्यांना घेऊन संगिनी लावून ते पुढे गेले. पकडले गेले आणि कैदेतच त्यांचा मृत्यू झाला. त्या वेळी वर काय निर्णय होत होते, कपडे आणि हत्यारं किती अपुरी होती, यावर आजही वाद होतात. खाली प्लाटूनमध्ये मात्र निर्णय एका सुभेदाराचा होता आणि तो ठाम होता.

जून 1987, सियाचीन. एकवीस हजार फुटांवरची कायद पोस्ट शत्रूच्या ताब्यात. 8 जॅक लाय (जम्मू-काश्मीर लाइट इन्फंट्री) पलटणीचे आधीचे प्रयत्न फसलेले. नायब सुभेदार बाना सिंग हिमवादळात मूठभर माणसं घेऊन बर्फाची जवळजवळ उभी भिंत चढून गेले आणि हातबॉम्ब व संगिनींनी चौकी घेतली. आता ती 'बाना टॉप' म्हणून ओळखली जाते. एवढ्या उंचीवर, दम घेणंच कठीण असताना, 'माझ्यामागे या' म्हणणाऱ्या माणसावर जवानांचा आधीपासून विश्वास असावा लागतो. तो वर्षानुवर्षं एकत्र काढलेल्या दिवसांतून येतो.

जवान वीरगतीला गेला की पार्थिवाबरोबर येतात ते साहेब कोण?

बहुधा त्याच्याच पलटणीतला जेसीओ, सोबत दोन-चार जवान. गावाला हे सगळ्यात कठीण वेळी दिसतं आणि म्हणूनच नीट दिसत नाही.

तो उतरतो तेव्हा मैदानात गर्दी असते, घोषणा चालू असतात, पुढारी येऊन बसलेले असतात. तो आधी घर शोधतो. वडील कोण, बायको कोण, भाऊ कोण, हे विचारून घेतो. अग्नी कोण देणार, चौथरा कुठे आहे, सलामीची तुकडी कुठे उभी राहील, हे तहसीलदार आणि पोलीस पाटलांशी बोलून ठरवतो. शेवटी पेटीवरचा तिरंगा काढून, रीतीप्रमाणे घडी घालून, तो पत्नीच्या किंवा आईच्या हातात देतो. त्या वेळी काय बोलायचं हे कुठल्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत. बहुतेक जण काही बोलतच नाहीत.

पण त्याचं काम तिथे संपत नाही. आता सुरू होतं कागदांचं. किंड्रेड रोलमध्ये, म्हणजे जवानाच्या नातेवाइकांच्या यादीत, कुटुंबाची नोंद बरोबर आहे का, लग्नाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे पलटणीच्या दप्तरातली अधिकृत नोंद, झाली आहे का, बायकोचं नाव आधार कार्डावर, बँकेत आणि पलटणीच्या कागदांत एकसारखं आहे का. लग्नानंतरचं नाव एका ठिकाणी बदललं आणि दुसरीकडे माहेरचंच राहिलं, एवढ्यावरून कुटुंब निवृत्तिवेतन अडकतं. म्हणून तर चांगला जेसीओ रजेवरून लग्न करून आलेल्या पोराला पेढे मागायच्या आधी लग्नाचा दाखला मागतो. पोरांना तो कटकट्या वाटतो. ज्या घरावर वेळ आली, त्या घराला त्या कटकटीची किंमत कळते.

शिपाई ते सुभेदार मेजर, किती वर्षं लागतात?

ठरलेला आकडा नाही. रेजिमेंटमधल्या रिकाम्या जागा, ज्येष्ठता, बढतीसाठीचे कॅडर (प्रशिक्षण वर्ग), नकाशावाचन आणि लष्करी शिक्षणाच्या परीक्षा, वार्षिक गोपनीय अहवाल, शारीरिक पात्रता आणि कोरी शीट, म्हणजे शिक्षेची नोंद नसणं, या सगळ्यांवर ते अवलंबून असतं. बढती नाही मिळाली की नोकरीची मुदत संपते: हवालदार साधारण 26 वर्षांनी घरी येतो, नायब सुभेदार 28, सुभेदार 30. सुभेदार मेजर 34 वर्षांपर्यंत राहू शकतो, पण त्या हुद्द्यावर साधारण 4 वर्षंच. सोबत भरती झालेल्या शेकडो पोरांपैकी एखादाच तिथवर पोहोचतो.

पगार?

सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ वेतनाची सुरुवात नायब सुभेदाराला 35,400, सुभेदाराला 44,900 आणि सुभेदार मेजरला 47,600 रुपये. वर 5,200 रुपये लष्करी सेवा वेतन, महागाई भत्ता आणि पोस्टिंगप्रमाणे इतर भत्ते. लेफ्टनंटची सुरुवात 56,100 पासून होते आणि त्याचं लष्करी सेवा वेतन 15,500 आहे. सीमेवरचा धोका एकच असताना या शेवटच्या आकड्यात एवढी तफावत का, हा प्रश्न जेसीओ आणि जवान बरीच वर्षं विचारत आहेत. माझ्या मते प्रश्न रास्त आहे.

मानद लेफ्टनंट, मानद कॅप्टन म्हणजे काय?

दीर्घ आणि निष्कलंक सेवा केलेल्या निवडक जेसीओंना 26 जानेवारी आणि 15 ऑगस्टला हे हुद्दे जाहीर होतात. काहींना नोकरीत असताना, काहींना निवृत्तीच्या वेळी. निवृत्तीनंतर 'ऑनररी कॅप्टन अमुक (निवृत्त)' असं लिहायची पद्धत आहे. 'ऑनररी' गाळू नये.

खालून भरती होऊन पूर्ण ऑफिसर होता येतं का?

येतं, आणि मुलांनी हे पहिल्या वर्षीच समजून घ्यायला हवं. बारावी झालेल्या तरुण जवानासाठी आर्मी कॅडेट कॉलेजची वाट आहे. हे कॉलेज एके काळी पुण्यात होतं, आता देहरादूनला भारतीय सैनिकी अकादमीचा भाग आहे. तिथे तीन वर्षं, मग अकादमीत एक वर्ष, आणि खांद्यावर स्टार. वय निघून जाऊ नये एवढीच काळजी घ्यायची. अनुभवी हवालदार आणि जेसीओंसाठी स्पेशल कमिशन्ड ऑफिसर आणि स्पेशल लिस्ट अशा वेगळ्या वाटा आहेत.

परमवीर चक्र मिळालेले रामा राघोबा राणे असेच खालून चढत गेलेले. कारवारजवळच्या चेंडियाचे. 1940 मध्ये बॉम्बे इंजिनिअर्समध्ये साधे सॅपर म्हणून भरती झाले, बर्माची लढाई केली, हुद्दे चढले आणि डिसेंबर 1947 मध्ये सेकंड लेफ्टनंट झाले. चारच महिन्यांनी, एप्रिल 1948 मध्ये, नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे गोळीबारात काढून त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये त्यांचं नाव आजही अभिमानाने घेतलं जातं.

काही जण थेट नायब सुभेदार कसे होतात?

दोन मुख्य कारणं. एक, धर्मगुरू: पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री हे त्या त्या पलटणींसाठी थेट नायब सुभेदार म्हणून घेतले जातात. दुसरं, खेळाडू: नीरज चोप्रा 2016 मध्ये राजपुताना रायफल्समध्ये थेट नायब सुभेदार झाले. बीडच्या आष्टी तालुक्यातले अविनाश साबळे मात्र आधी महार रेजिमेंटचे जवान, सियाचीनला राहून आलेले, आणि नंतर स्टीपलचेसचे धावपटू. खेळाडूंना मिळालेला मान योग्यच आहे. त्यांच्याकडून प्लाटून चालवण्याची अपेक्षा नसते, एवढं लक्षात ठेवावं.

मुली सुभेदार होतील का?

झाल्या आहेत. नेमबाज प्रीती रजक 2024 च्या जानेवारीत लष्करातल्या पहिल्या महिला सुभेदार झाल्या, त्याही खेळातल्या कामगिरीवर. कोर ऑफ मिलिटरी पोलीसमध्ये महिला जवानांची 83 जणींची पहिली तुकडी 2021 मध्ये बेंगळुरूला तयार झाली. त्यांच्यातून नेहमीच्या वाटेने हवालदार आणि मग जेसीओ तयार व्हायला अजून काही वर्षं जातील.

अग्निवीर योजनेनंतर सुभेदार कुठून येणार?

2022 च्या योजनेप्रमाणे चार वर्षांनंतर जास्तीत जास्त 25 टक्के अग्निवीर कायम होतात, आणि पुढचे हवालदार, सुभेदार त्यांच्यातूनच येणार. म्हणजे वाट बंद झालेली नाही, पण तोंडाशीच अरुंद झाली आहे. चार वर्षांतली कामगिरी निवडीत पाहिली जाते, आणि ती कामगिरी रोज जवळून पाहतात ते सेक्शनचे, म्हणजे प्लाटूनमधल्या छोट्या तुकडीचे, हवालदार आणि प्लाटूनचे जेसीओ. त्यांची जबाबदारी वाढली आहे. पूर्वी पोरगा घडवायला सात-आठ वर्षं हाताशी असत. आता चार वर्षांत घडवायचं, त्यातच पारखायचं, आणि चौघांपैकी तिघांना निरोप द्यायचा. या फळीचा आवाज योजनेच्या फेरविचारात ऐकला गेला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

या व्यवस्थेत दोष नाहीत का?

आहेत. जेसीओ मध्ये असल्यामुळे हवालदाराला कधी कधी स्वतः निर्णय घ्यायची सवय लागत नाही. 'साहेबांना विचारतो' हे वाक्य तोंडात बसतं. दहशतवादविरोधी कारवाईत, जिथे सात-आठ जणांची तुकडी एकटी असते, तिथे हे महागात पडतं. दुसरं, काही सुभेदार मेजर सीओच्या कानाशी राहून आपल्या गोटातल्यांची सोय बघतात, आणि असं झालं की पलटणीचा जीव कोंडतो. तिसरं, जुन्या घडणीच्या काही जेसीओंना पदवी घेऊन आलेला, मोबाइलवर नियम शोधून दाखवणारा जवान उद्धट वाटतो. तो उद्धट नसतो, त्याला कारण हवं असतं. कारण सांगून हुकूम देता येणं हे आता जेसीओच्या कामातच आलं आहे.

यावर उपाय म्हणजे ही फळी कमी करणं नव्हे. जेसीओला प्लाटून खरोखर द्यावी आणि हवालदाराला सेक्शन. वरच्याने खालच्याचं काम करायचं थांबवावं.

नौदल आणि हवाई दलात कोण?

नौदलात चीफ पेटी ऑफिसर आणि त्यांच्या वर मास्टर चीफ पेटी ऑफिसर, पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाचे. हवाई दलात ज्युनिअर वॉरंट ऑफिसर, वॉरंट ऑफिसर आणि मास्टर वॉरंट ऑफिसर. तिथे तांत्रिक कौशल्याला जास्त वजन आहे. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत इंजिनाचं शिक्षण घेऊन वीस-पंचवीस वर्षं जहाजांवर काढलेला मास्टर चीफ इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून बिघाड सांगतो. हवाई दलाच्या तळावर शिस्त आणि परेड स्टेशन वॉरंट ऑफिसरच्या हाती असते.

घरी अडचण आहे. थेट सुभेदार मेजर साहेबांना फोन करावा का?

करावा, पण जीव-मरणाची निकड नसेल तर आधी मुलाला किंवा नवऱ्याला विचारून. पुष्कळ जवान घरचं दुखणं पलटणीत सांगायला लाजतात आणि घरचा फोन आला की त्यांना कमीपणा वाटतो. जमिनीचा वाद, शेजाऱ्याचं अतिक्रमण, पोलीस तक्रार असेल तर जवानाने अर्ज कंपनीत द्यावा. तिथून सीओंचं पत्र जिल्हाधिकाऱ्यांना आणि पोलीस अधीक्षकांना जातं, आणि त्या पत्राला वजन असतं. सोबत सातबारा, फेरफार, तक्रारीची पोच अशा कागदांच्या प्रती जोडाव्यात. नुसत्या तोंडी हकिकतीवर पत्र निघत नाही. निवृत्त झालेल्यांनी आणि वीरपत्नींनी आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात जावं. तिथे बसलेले बरेच जण स्वतः माजी सैनिक असतात. जाताना डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि बँकेचं पासबुक बरोबर न्यावं.